गोऱ्या कब्रस्तानातली मडम

मे महिन्याच्या भर दुपारी नागपुरात कुत्रंसुद्धा नळाखालची ओली जागा सोडत नाही. त्या दुपारी मात्र गोऱ्या कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. कामठी रोडवरच्या चहावाल्यापासून हुडकेश्वरच्या कास्तकारापर्यंत सगळे डोक्याला दुपट्टे गुंडाळून साहेबांच्या कबरींवर मांडी ठोकून बसले होते. कोणी बिस्किटांचे पुडे आणले होते, कोणी पावडरचे डबे, कोणी सेंटच्या बाटल्या. एका म्हातारीने तर कपबशीत चहा आणला होता आणि पदराने माशा वारत ती तो जपत होती. मडमेच्या भुताला चहा लागतो म्हणे. विलायतेची आहे ना!

मीही तिथे होते, पण बिस्किटं घेऊन नव्हे. मी प्रेमिला सुखदेवे, नंदनवनात राहते, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्या जुन्या कब्रस्तानातल्या संगमरवरी पाट्या लोक कपडे धुवायला उचलून नेत होते. उरलेल्या तरी फोटोत राहाव्यात म्हणून सुटीत मी एक उसना कॅमेरा गळ्यात अडकवून तिथे जायची. इतक्या दिवसांत मला तिथे साप भेटला, मुंगूस भेटलं, भूत एकदाही भेटलं नाही. आमच्या घरात भुतांना तसाही थारा नव्हता. छप्पन्न साली माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव बाहेर काढले, तेव्हा भुतंही त्यांच्या मागोमाग गेली.

"देवाचा फोटो कोणं काढला का? नाही! भुताचा काढला का? नाही!" गर्दीच्या मध्यभागी एक गृहस्थ ओरडत होते. गळ्यात कवड्यांची माळ, मनगटावर चकचकीत घड्याळ. "लंडनात नाही, अमेरिकेत नाही, अपुन काढून राहिलो, फक्त नागपुरात! बोला, मडममाता की..."

"जय!"

हे छायानाथ महाराज. त्यांच्यापुढे तिपाईवर एक लाकडी पेटी होती, तिला समोर भिंग आणि मागे काळ्या कापडाची बाही. कचेरीबाहेर अर्जासाठी झटपट फोटो काढून देणारे बसतात, त्यांचीच ती पेटी. बाहीतून हात आत घालायचा, चाचपून कागद लावायचा, भिंगावरचं झाकण क्षणभर काढायचं आणि आतल्या आत औषधाच्या बश्यांत कागद बुडवायचा. आधी काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेला कागद निघतो. त्याचाच पुन्हा फोटो काढला की माणूस माणसासारखा दिसतो. सगळं त्या पेटीच्या अंधारात होतं, म्हणून लोकांना ते आधीच अद्भुत वाटतं. महाराजांनी त्या अद्भुतात मडम घातली होती. अंगात मडम असलेल्या माणसाचा फोटो काढला की त्याच्या मागे ती दिसायची, धुरकट पांढरी, एक हात उचललेली.

पेटीचं भिंग एका घुमटीकडे रोखलेलं होतं. कब्रस्तानातली ती सगळ्यात मोठी कबर. चार कमानी, कमानींना लोखंडी गज, एका बाजूला गजांचंच दार. मी त्या घुमटीचा फोटो घ्यायला पुढे गेले आणि थबकले. आत एक बाई भिंतीला टेकून बसली होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"माही सून. मनकर्णा." बाजूला उभा असलेला उंच माणूस म्हणाला. त्याचं नाव महादेवराव, हुडकेश्वरकडे त्याची संत्र्याची बाग. त्याच्या पायाशी त्याची बायको कांताबाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

"कोंडलं काहून तिला?"

"तिले मडमेनं धरलं ना बाई. लेकरू झालं, बाराव्याच्या आत गेलं. तवापासून जेवत नाही, बोलत नाही, कोपऱ्यात बसून रडत राहते. महाराजानं फोटो काढला, तं मांगं मडम उभी! आज सकाळपासून आत बसवलं."

"अहो, लेकरू गेलं तिचं! रडेल नाही तर काय गाणी म्हणेल?"

"महाराज म्हणते, फोटो साफ आला का सोडू."

"पाणी तरी दिलं का?"

महादेवरावाने महाराजांकडे पाहिलं. उत्तर महाराजांनी दिलं. "पाणी देलं का मडम आत टिकते! विलायतची बाई, तिले थंडाव्याची सवय. कोरडं ठेवलं तं आपसूक निघते."

माझं डोकं फिरलं. मी गजांशी गेले. लोखंड इतकं तापलं होतं की हात टेकवेना. मनकर्णा विशीतली असेल. ओठ फुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. आणि एवढ्या भट्टीत तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. उन्हाळ्यात नागपुरात माणसं कशी मरतात हे मला माहीत आहे. घाम थांबला की फार वेळ उरत नाही.

घुमटीच्या कपाळावर दगडी पाटी होती. मी ती मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितली. "ऐका! इथे लिहिलं आहे, ही एकोणीस वर्षांची पोरगी लग्न होऊन इकडे आली आणि पहिल्याच मे महिन्यात ऊन लागून मेली. हिला कोणी मारलं नाही, हिने कोणाला धरलं नाही. ऊन लागून मेली! तुम्ही हिच्याच कबरीत दुसरी पोरगी त्याच उन्हाने मारून राहिले!"

दोन-चार जण पाटीकडे बघू लागले. महाराज हसले. "इंग्रजीत लिवलेलं समदं खरंच असते का गा? गोऱ्याईनं आपल्याबद्दल काय काय लिवलं होतं, मालूम आहे ना?"

लोक हसले. असा माणूस कुठे काय बोलावं हे बरोबर ओळखतो. मग तो माझ्याकडे वळला. "आन बाई, तुमी रोज येऊन कबरीचे फोटो काढता. मडम जागी केली कोणं? तुमीच तं! तुमच्याही मांगं असंल ती."

"माझ्या मागे कोणी नाही. काढा माझा फोटो, होऊन जाऊ द्या!"

हे बोलले आणि जीभ चावावीशी वाटली. त्याला नेमकं तेच हवं होतं. बाहीत हात गेला, झाकण निघालं, झाकण लागलं, बश्या खळखळल्या. थोड्या वेळाने महाराजांनी ओला फोटो उंच धरला. मी ताठ उभी, कपाळाला आठ्या, आणि माझ्या डाव्या खांद्यामागे मडम, एक हात उचललेली.

पुढचं फार पटकन झालं. कोणीतरी माझा कॅमेरा ओढला, कोणीतरी दंड धरले. "मास्तरीण आहे मी!" असं मी ओरडत होते. कुलूप निघालं, मला आत ढकललं आणि कुलूप परत लागलं.

घुमटीत वटवाघळांच्या विष्ठेचा आणि टाल्कम पावडरचा वास एकत्र कोंदला होता. सांडलेल्या बिस्किटांना मुंग्या लागल्या होत्या. बाहेरून बघताना वाटलं होतं की चारही बाजूंनी गज आहेत, वारा येत असेल. पण चारही कमानींना माणसं चिकटली होती, एकावर एक चेहरे, आणि जो काही वारा होता तो त्यांनीच अडवला होता. मी आतून त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे. प्राणिसंग्रहालयात मुलींची सहल नेते तेव्हा मी गजांच्या दुसऱ्या बाजूला असते. मला रडू येत होतं आणि रडले तर तेही मडमेच्या नावावर जमा होईल, म्हणून मी ते गिळलं.

मनकर्णाचं डोकं मी मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"ताई," ती पुटपुटली, "मले काहीच नाही झालं वं. लेकरू गेलं म्हणून रडत होती. हे म्हणते, ते रडणं माहं नाही, मडमेचं."

"माहीत आहे मला. बोलू नको, जीव राख."

"मी पानी मांगतलं तं म्हणते, मडम मांगून राहिली."

मी उठून गजांशी गेले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "हिला ऊन लागलंय! पाणी द्या! दवाखान्यात न्या, नाही तर मरेल ती!"

"पाहा, पाहा!" महाराज गरजले. "मडम बोलून राहिली! दोघीयच्या अंगात एकच!"

आणि लोकांनी हात जोडले. तेव्हा मला कळलं, मी कशात सापडले आहे. कुलूप तर दाराला होतंच, पण खरं कुलूप माझ्या तोंडाला लागलं होतं. मी शहाणपणाचं बोलले तरी ते मडमेचं, शिव्या दिल्या तरी मडमेच्या, गप्प बसले तर मडम दबा धरून बसलेली. आत कोंडलेल्या बाईचं कोणतंच वाक्य तिचं स्वतःचं उरत नाही. मनकर्णा हे किती दिवस सोसत होती कोण जाणे.

मी खाली बसले. गजांना दोऱ्यांनी जुने फोटो लटकवलेले होते, आधी धरलेल्या लोकांचे. एक लठ्ठ किराणावाला, एक नवी नवरी, एक पोलीस शिपाई, आणि त्यांच्यात नुकताच अडकवलेला माझा ओला फोटो. नजर नुसतीच फिरत होती, पण फिरता फिरता अडकली. किराणावाला लठ्ठ होता, नवरी बुटकी, शिपाई ताडमाड. कोणावर सकाळचं ऊन होतं, कोणावर संध्याकाळचं. मडम मात्र सगळीकडे तीच. कागदावर त्याच जागी, तोच हात उचललेला, कमरेजवळ कापडाला तीच चुणी. ती माणसांच्या मागे उभी नव्हतीच. ती कागदावर उभी होती, माणसं येण्याच्या आधीपासून.

फोटोचा कागद एकदा उजेड पाहतो आणि औषधात बुडेपर्यंत तो लपवून ठेवतो. दिसायला कोरा, पण आत चित्र बसलेलं असतं. हा भला माणूस घरी काळ्या पडद्यापुढे कोणाला तरी पांढरी चादर पांघरवून उभं करत असणार आणि तसे कागद पेटीत आणत असणार. त्याच कागदावर वर माझा फोटो पडला की झाली मडम!

मला हे कळलं, पण सांगायचं कोणाला? मी प्रकाशाचे नियम समजावू लागले असते तर मडम बडबडते म्हणून आणखी एक नारळ फुटला असता. मनकर्णाचा श्वास भरभर चालला होता. तेव्हा मी ठरवलं. माझं प्रत्येक वाक्य मडमेचंच असणार असेल, तर बोलू दे मडमेला.

मी केस सोडले, गजांशी ताठ उभी राहिले आणि नववीच्या पुस्तकातला धडा खणखणीत इंग्रजीत सुरू केला. "लाइट ट्रॅव्हल्स इन स्ट्रेट लाइन्स!"

गर्दी मागे सरकली. म्हातारीच्या हातातला चहा सांडला. प्रकाश सरळ रेषेत जातो, एवढंच मी म्हटलं होतं.

महाराजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या मडमेने आजवर इंग्रजीत तोंड उघडलं नव्हतं. तरी गडी सावरला. "मडम म्हणून राहिली, मले कोंबडा पाहिजे!"

"झूट!" मी किंचाळले. साहेबाच्या बंगल्यावरची हिंदी आमच्या आजोबांनी ऐकलेली आणि घरी बोलून दाखवलेली होती, ती मी वापरली. "हम कोंबडा नहीं मांगता! हम पानी मांगता! जल्दी! नहीं तो सबको पकडेगा!"

आणि पाणी आलं. एक नाही, चार ठिकाणांहून आलं. घागर आली, सुरई आली, कुणी बर्फाचा तुकडा दुपट्ट्यात बांधून आणला. मी मनकर्णाला घोट घोट पाजलं, दुपट्टा भिजवून तिच्या मानेवर ठेवला, उरलेलं पाणी तिच्या अंगावर ओतलं. तिने डोळे उघडले. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की दात करकरले. पण तो आत्ता दाखवायचा नव्हता.

"दरवाजा खोलो! हम बाहर फोटो खिंचाएगा!"

"नाही, नाही," महाराज पुढे झाले, पण महादेवरावाने त्यांना बाजूला सारलं. "महाराज, तुमीच म्हणे ना, मडमेले नाराज करू नका?" कुलूप निघालं. मी मनकर्णाला धरून पायरीवर आणलं आणि सावलीत कांताबाईच्या कुशीत दिलं.

"डिब्बा इधर लाओ. हमारे देश का डिब्बा है, हम आशीर्वाद देगा."

महाराज काय करणार? स्वतःच्याच मडमेला नाही कसं म्हणणार? पेटी आली. मी बाहीतून हात आत घातला. दोन बश्या, आणि कडेला कागदांची दोन पाकिटं, एकाला दोरा बांधलेला. मी आशीर्वाद म्हणून थोडं पुटपुटले आणि दोन्ही पाकिटं खालची कड वर, वरची कड खाली अशी फिरवून ठेवली. हात बाहेर काढला.

"अब खींचो."

महाराजांनी सवयीने हात घातला, कागद लावला, झाकण काढलं. सगळं त्यांच्याच हातांनी झालं. मी फक्त पायरीवर बसून होते. बश्या खळखळल्या, कागदाचा पुन्हा फोटो झाला आणि त्यांनी तो न बघताच उंच धरला. "बोला, मडममाता की..."

सगळे माना तिरक्या करून बघायला लागले. फोटोत मी सरळ बसले होते आणि बाजूला मडम डोकं खाली, पाय वर करून उभी होती. एरवी माणसाच्या आड जाणारा चादरीखालचा पायजमा आता दिसत होता, तोही उलटा.

कोणीतरी खुदकन हसलं. पण महाराज महाराजच होते. "उलटी झाली! मडम उलटी झाली म्हणजे निघाली!" अर्ध्या लोकांचे हात पुन्हा जुळायला लागले. मी मडमेला तिथेच सोडलं आणि माझ्या वर्गातल्या आवाजात बोलले.

"महादेवराव, इकडे या. बाहीत हात घाला. दोरा बांधलेलं पाकीट लागतं का हाताला? त्यातला एक कागद काढा. कोणाचा फोटो काढायचा नाही. झाकण लागलेलंच राहू द्या. पहिल्या बशीत बुडवा, हलवा. थांबा जरा. आता दुसऱ्या बशीत. काढा बाहेर."

महादेवरावाने कागद बाहेर काढला. त्याच्यावर माणूस नव्हता, घुमटी नव्हती, कब्रस्तानही नव्हतं. नुसती मडम होती, एक हात उचललेली, आणि कागद पहिल्या टप्प्याचा असल्यामुळे कोळशासारखी काळी.

"कोणाचा फोटो काढला आपण?"

"कोणाचाच नाही." तो कागद उलटसुलट करून बघत होता.

"मग ही कोणाच्या अंगातून आली? तुमच्या हातात आली ना? आता तुम्हाला कोंडायचं का आत?"

"मले काय झालं बाई? मी तं चांगला आहो!"

"तीही हेच सांगत होती."

महादेवरावाने तो काळा कागद खाली टाकला. मग सुनेकडे बघून हमसून रडायला लागला. मी लोकांना सगळं सांगितलं: आधी उजेड दाखवलेले कागद, काळा पडदा, पांढरी चादर. चहावाला पुढे येऊन महाराजांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "अरे, हा तं धोंडबा! कचेरीपाशी फोटो काढे हा!" लोकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा धोंडबा कब्रस्तानाच्या भिंतीवर चढला होता. घड्याळ घातलेला हात भिंतीवर बसवलेल्या काचांमध्ये अडकला, तो सोडवून तो पलीकडे पडला. पेटी तिथेच राहिली.

मनकर्णाला आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. ती वाचली. संध्याकाळी ती लेकराची आठवण काढून रडली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला कोणी अडवलं नाही.

दवाखान्याच्या ओसरीत कांताबाई माझ्याजवळ आली, पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, खरं सांगा, मडम गेली ना तुमच्या अंगातून?"

मी तिला उठवून बाकावर बसवलं.  पेटीची लबाडी शोधायला मला एक दुपार पुरली, पण या प्रश्नाचं मी काय करू? मी मास्तरीण म्हणून पाणी मागितलं तेव्हा एवढ्या गर्दीतून एक पेला पुढे आला नाही. मनकर्णाने सून म्हणून मागितलं, तिलाही मिळालं नाही. भूत होऊन मागितलं तेव्हा बर्फासकट आलं. धोंडबाच्या फसवणुकीपेक्षा मला या गोष्टीचा जास्त राग आहे, आणि तो गेलेला नाही.

म्हणून हात जोडून सांगते. कोणी चमत्कार दाखवत असेल तर म्हणा, पेटी उघड, मला आत हात घालू दे. देत नसेल तर तिथून उठा. घरातली बाई गप्प झाली, जेवेनाशी झाली, रडू लागली, तर तिच्या अंगात कोण आलं हे कोणाला विचारायला जाऊ नका. तिला काय झालं, ते तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते तिचंच बोलणं आहे असं माना. पण हे सगळं नंतर. आधी तिला पाणी द्या.